मीटअपमधला पहिला टॉक: पायथन आणि एआयवर बोलू पाहणाऱ्या गोव्यातल्या नवख्यांसाठी

वीस मिनिटांत ‘एआय म्हणजे काय’ सांगून होत नाही. वीस मिनिटांत एक अडचण, तिच्यावरचा एक उपाय आणि त्या उपायाची मर्यादा एवढं मात्र नीट सांगता येतं. पहिला टॉक द्यायचा असेल तर हे गणित आधी डोक्यात पक्कं करा, कारण नवख्यांचे बहुतेक टॉक फसतात ते विषय मोठा घेतल्यामुळे. बोलता न आल्यामुळे फसणारे टॉक फार थोडे.

फर्मागुढीच्या कॉलेजांतले विद्यार्थी, झुआरीनगर किंवा ताळगावहून आलेले संशोधक, पणजीत हिशेबाचं काम करणारे, शाळेत संगणक शिकवणारे शिक्षक, घरी बसून परदेशातल्या कंपनीचं काम करणारे प्रोग्रामर, असे सगळे एकाच सभागृहात बसलेले असतात. त्यातल्या अर्ध्यांना ‘ट्रान्सफॉर्मर’ (आजच्या भाषा मॉडेलांमागची रचना) तुमच्यापेक्षा जास्त कळतो आणि उरलेल्या अर्ध्यांनी कालच पहिला फॉर लूप लिहिलेला असतो. दोघांनाही धरून ठेवणारी गोष्ट एकच: ओळखीची, गावातली, हाताला लागणारी अडचण.

विषय कसा शोधायचा

कामात किंवा अभ्यासात गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्या गोष्टीने तुमची निदान एक संध्याकाळ खाल्ली, ती कागदावर लिहा. मग तिचं एक वाक्य करून बघा: ‘अमुक करायला गेलो, तमुक आडवं आलं, असं केल्यावर सुटलं.’ वाक्य झालं तर विषय झाला. वाक्यात दोनदा ‘आणि’ आला तर विषय अजून मोठा आहे, त्याचे दोन तुकडे करा.

‘पायथनची ओळख’, ‘मशीन लर्निंगचा आढावा’, ‘चॅटजीपीटीचे दहा उपयोग’ असे विषय घेऊ नका. लोक ते घरी बसून बघू शकतात. सभागृहात येण्याचं कारण म्हणजे समोरच्या माणसाने स्वतः केलेलं काम आणि त्यातल्या अडलेल्या जागा.

वीस मिनिटं फार वाटत असतील तर लाइटनिंग टॉकपासून सुरुवात करा. त्याला पाच मिनिटं मिळतात आणि पायथनच्या परिषदांत हा प्रकार जुना, मानाचा आहे. भारतातली पायकॉन, म्हणजे पायथनची मोठी परिषद, २००९ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली. अशा मोठ्या परिषदेत प्रस्ताव पाठवायचा मनसुबा असेल तर गावच्या मीटअपमध्ये तोच विषय एकदा बोलून घेणं ही सगळ्यात स्वस्त तालीम.

आयोजकांना जो मजकूर पाठवायचा तो साधारण दीडशे शब्दांचा असू द्या. त्यात चार गोष्टी हव्यात: अडचण काय, ऐकणाऱ्याला आधी काय यायला हवं, तो घरी काय घेऊन जाईल, आणि तुम्हाला किती वेळ लागेल. ‘आधी काय यायला हवं’ ही ओळ बहुतेक जण गाळतात. ‘लिस्ट आणि फंक्शन माहीत असली की पुरे’ एवढं लिहिलंत तरी नवशिक्यांना आत यायचा धीर येतो.

नमुन्यादाखल एक विषय, पूर्ण उलगडून

पुढची सगळी तयारी समजावी म्हणून एक विषय घेऊ: गोव्यातल्या गावांची नावं. एका तक्त्यात गावाचं नाव मराठीत, दुसऱ्यात पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगवरून देवनागरीत आणलेलं, तिसऱ्यात कुणी घाईत टाइप केलेलं. हे तक्ते जोडायला गेलात की निम्म्या ओळी जुळत नाहीत. गोव्यात माहितीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोवतं, म्हणून टॉकसाठी हा विषय सोन्यासारखा आहे.

सुरुवात एका शब्दाने करा: म्हापसा. सभागृहाला विचारा, यात अक्षरं किती? लोक तीन म्हणतील: म्हा, प, सा. आता पायथनमध्ये लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला तोच शब्द द्या. उत्तर येतं ७. पायथन मोजतो ती युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक यादीतली, चिन्हं: म, पाय मोडायची खूण, ह, काना, प, स आणि पुन्हा काना. तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत ठेवायच्या नेहमीच्या पद्धतीत, साठवला तर २१ बाइट, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइटची जागा घेतं. म्हणजे एकाच शब्दाची तीन मापं झाली, ३, ७ आणि २१, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. पुढे जाऊन शब्द उलटा करून दाखवा. पडद्यावर आरंभीच एक ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, कारण काना पहिला आला आणि त्याला धरायला व्यंजनच उरलं नाही. एवढा एक क्षण नीट रंगला तर पुढची पंधरा मिनिटं लोक तुमच्याबरोबर राहतात.

मग जुळवाजुळव. पायथनच्या सोबत येणाऱ्या मॉड्यूलांत डिफलिब आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. त्यातला सिक्वेन्समॅचर दोन शब्दांतलं साम्य शून्य ते एक या मापात देतो. हिशेब सोपा आहे: जुळलेल्या चिन्हांची दुप्पट भागिले दोन्ही शब्दांतली एकूण चिन्हं. ‘म्हापसा’ आणि ‘मापसा’ यांत पाच चिन्हं जुळतात, एकूण बारा, म्हणून दहा भागिले बारा, म्हणजे ०.८३. छान. त्याच मॉड्यूलमधलं गेट क्लोज मॅचेस हे फंक्शन ०.६ च्या वरचं सगळं जवळचं मानतं, तेव्हा ही जोडी पकडली जाते.

आता दुसरी जोडी दाखवा: ‘मये’ आणि ‘मयडे’. साम्य ०.८६. म्हापशाच्या जोडीपेक्षाही जास्त! पण मये डिचोली तालुक्यात आणि मयडे बार्देसमध्ये, दोन्ही वेगळी गावं. तिसरी जोडी ‘हळदोणे’ आणि ‘अल्दोना’. गाव एकच, साम्य मात्र ०.३१. म्हणजे खरी जोडी ०.३१ वर आणि खोटी ०.८६ वर. कुठेही रेघ ओढली तरी काही ना काही चुकणारच. टॉकचा कणा हा आहे. बाकी सगळं याच्या अवतीभवती रचायचं.

उपाय दोन टप्प्यांत सांगा. पहिला साधा: नावाबरोबर तालुकाही जुळवा. गोव्यात तालुके बारा, त्यांची यादी हाताने नीट करायला दहा मिनिटं लागतात, आणि तालुका वेगळा निघाला की मये-मयडे आपोआप सुटे होतात. दुसरा: हळदोणे-अल्दोनासारख्या जोड्यांसाठी पर्यायी नावांचा कोश, पायथनच्या डिक्शनरीत. हे हाताने करायचं काम कंटाळवाणं आहे, पण एआयकडे वळण्याआधी त्याची किंमत लोकांना दिसायला हवी. साध्या उपायाने ऐंशी टक्के काम होत असेल तर ते मोकळेपणाने सांगा. श्रोत्यांचा विश्वास त्यानेच बसतो.

जाता जाता अनुभवी लोकांसाठी एक खाच ठेवा. ‘दुसऱ्या’ या शब्दातला र दोन-तीन प्रकारांनी टाइप होतो: एकसंध ऱ वापरून, साधा र आणि खाली नुक्ता देऊन, किंवा र, पाय मोडायची खूण आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात आणि पायथन मात्र ‘हे शब्द वेगळे’ म्हणतो. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइज फंक्शनला एनएफसी हा प्रकार दिला की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांची ही अडचण रोजची आहे, तरी फार थोड्यांना तिचं कारण ठाऊक असतं.

एआयचा भाग, मापासकट

आता भाषा मॉडेलला (चॅटजीपीटीमागे असतं तसल्या) विचारायचं: ही दोन नावं एकाच गावाची का? हळदोण्याचं उत्तर ते बहुधा बरोबर देईल, कारण दोन्ही रूपं त्याने वाचलेली असण्याचा संभव आहे. पण ते चुकतानाही त्याच ठाम सुरात बोलतं. म्हणून ‘बघा, बरोबर आलं’ एवढ्यावर थांबलात तर तो टॉक जाहिरातीसारखा होतो.

त्याऐवजी ५० जोड्या हाताने तयार करा. २५ खऱ्या, २५ फसव्या. फसव्या जोड्या मुद्दाम अवघड घ्या: मये-मयडे, साळ-साळगाव अशा. मग दोन आकडे काढा. समजा मॉडेलने २० जोड्या ‘एकच गाव’ म्हटल्या आणि त्यांतल्या १८ खरोखर तशा निघाल्या. तर प्रिसिजन १८ भागिले २०, म्हणजे ९० टक्के. खऱ्या जोड्या होत्या २५, त्यांतल्या १८ सापडल्या, म्हणून रिकॉल ७२ टक्के. डिफलिबचे आणि मॉडेलचे हे दोन आकडे शेजारी शेजारी एका तक्त्यात मांडा. एआयवरच्या टॉकमध्ये असा एक प्रामाणिक तक्ता बाकीच्या सगळ्या स्लाइडांना भारी पडतो.

यात नवख्यांच्या हातून नेहमी होणारी चूक म्हणजे प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला लिहून दिलेल्या सूचनेत) उदाहरण म्हणून दिलेल्या जोड्याच तपासणीतही घेणं. उत्तर आधीच सांगितलेलं असतं, मग आकडे सुंदर येतात. उदाहरणाच्या चार-पाच जोड्या त्या ५० मध्ये धरूच नका. दुसरी चूक एकदाच चालवून आकडा लिहिण्याची. तेच मॉडेल, तोच प्रश्न, तरी उत्तर थोडं बदलू शकतं. तीनदा चालवा आणि तिन्ही आकडे सांगा.

टोकनचीही गोष्ट इथेच दोन वाक्यांत येते. मॉडेल मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, करून वाचतं, आणि त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा मराठी वाक्याचे तुकडे साधारणपणे जास्त पडतात. बिल तुकड्यांवर येतं, म्हणून मराठी मजकुराचा खर्च आधी मोजून बघा. तुकडे मोजायला टिकटोकन ही लायब्ररी वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ती पहिल्या वेळी शब्दसंग्रहाची फाइल नेटवरून उतरवते आणि काही वेगळं सांगितलं नाही तर तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते. काही लॅपटॉप बंद करून चालू केले की ते फोल्डर रिकामं होतं. घरी चाललेला कोड सभागृहात नेट नसताना याच कारणाने अडतो.

वीस मिनिटांची आखणी

वर दिलेल्या विषयाची वाटणी अशी करता येईल: दोन मिनिटं अडचण, तीन मिनिटं श्रोत्यांकडून जोड्या ओळखून घेणं, पाच मिनिटं कोड आणि साम्याचे आकडे, पाच मिनिटं मॉडेल, तीन मिनिटं मापाचा तक्ता, दोन मिनिटं अजून काय सुटलेलं नाही ते. शेवटचा भाग गाळू नका. प्रश्नांसाठी दहा मिनिटं वेगळी.

श्रोत्यांच्या तीन मिनिटांसाठी एक ए-फोर कागद पुरे. त्यावर सहा जोड्या छापा: म्हापसा-मापसा, मये-मयडे, हळदोणे-अल्दोना, डिचोली-बिचोलिम, केपे-क्वेपेम, साळ-साळगाव. ‘एक की वेगळं?’ हात वर करून मतं घ्या आणि मगच आकडे दाखवा. डिचोली-बिचोलिमचं साम्य ०.६२ येतं, म्हणजे जेमतेम काठावर पास. साळ डिचोलीत, साळगाव बार्देसमध्ये, तरी आकडा ०.६७. लोक आपसांत वाद घालू लागतात, आणि गावच्या माणसाला आपल्या गावाचं नाव चुकलेलं पाहून जो जोर चढतो तो कुठल्याही स्लाइडने येणार नाही.

स्लाइड बारा-तेराच्या वर नेऊ नका. एका स्लाइडवर कोडच्या आठ ओळी म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याहून मोठा तुकडा असेल तर ज्या तीन ओळींवर बोलणार त्या ठळक ठेवा, बाकीच्या फिक्या करा.

मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून तीनदा म्हणून बघा. मनातल्या मनात वाचलेला टॉक नेहमीच लवकर संपल्यासारखा वाटतो. तिसऱ्या वेळी कुणाला तरी समोर बसवा, शक्यतो प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाला. त्याची नजर जिथे खिडकीकडे जाईल तिथे एक वाक्य कमी करा किंवा एक उदाहरण घाला.

लॅपटॉप: काय मोडतं आणि का

टॉकसाठी वेगळं फोल्डर आणि त्यात वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट (फक्त या कामाच्या लायब्ररी ठेवायची जागा) करा. सगळ्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये दुहेरी बरोबरच्या चिन्हाने बांधून टाका. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि जड लायब्ररींना तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. टॉकच्या आठवड्यात काहीही अपडेट करू नका, ना पायथन, ना लायब्ररी, ना ऑपरेटिंग सिस्टम.

पिप डाउनलोड ही आज्ञा वापरून लागणारी सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. उद्या दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बसवायची वेळ आली तर नेट न वापरता त्या फोल्डरमधून बसवता येतात. मात्र त्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टम आणि पायथनची आवृत्ती तुमच्यासारखीच हवी, नाहीतर पॅकेज बसणार नाही.

फाइलला लायब्ररीचंच नाव देणं हा नवख्यांचा हमखास घोटाळा. तुमच्या फाइलचं नाव ‘रँडम डॉट पीवाय’ ठेवलंत की पायथन खऱ्या रँडम मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘असं काही यात नाही’ अशी तक्रार करतो. पायथन ३.१३ पासून एररमध्येच फाइलचं नाव बदलायची सूचना येते, पण त्याआधीच्या आवृत्त्यांत एररचा मजकूर वाचून कारण लक्षात येत नाही, आणि पन्नास माणसं बघत असताना तर मुळीच नाही.

ज्युपिटर नोटबुक वापरणार असाल तर आदल्या रात्री कर्नल (मागे कोड चालवणारा भाग) रिस्टार्ट करून वरपासून खालपर्यंत सगळे सेल चालवा. तयारी करताना आपण सेल मागेपुढे चालवतो. पुसून टाकलेल्या ओळीतला व्हेरिएबल मेमरीत जिवंत असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. नव्याने सुरू केल्यावर खरं काय ते कळतं.

मॉडेल दोन मार्गांनी चालवता येतं. क्लाउडवरच्या सेवेला नेट लागतं आणि एपीआय की (ती सेवा वापरायची गुप्त किल्ली) लागते. की कधीही कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि नोटबुकच्या जुन्या आउटपुटमध्ये ती छापली गेली नाही ना हे बघा. चुकून प्रोजेक्टरवर दिसलीच तर टॉक संपल्यावर ताबडतोब ती रद्द करून नवी घ्या. समोर कुणीतरी फोटो काढलेला असतोच. टॉकपुरती वेगळी की काढून तिला खर्चाची लहान मर्यादा घालणं सगळ्यात सुरक्षित.

दुसरा मार्ग लॅपटॉपवरच मॉडेल चालवण्याचा, ओलामासारख्या साधनाने. सात अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे आत तेवढे आकडे असलेलं, मॉडेल प्रत्येक आकडा चार बिटांत दाबून ठेवलं तर नुसत्या त्या आकड्यांनाच साडेतीन जीबी जागा लागते, वर चालण्यासाठी आणखी. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि स्लाइड उघडे असताना ते कण्हत चालतं. तीन अब्जांच्या आसपासचं लहान मॉडेल घ्या आणि त्याची उत्तरं कच्ची असतात हे सांगून टाका. लहान मॉडेलांचं मराठी तर आणखी कच्चं, ते घरीच तपासून घ्या. ओलामाची एक सवय इथे ठाऊक हवी: पाच मिनिटं कुणी काही विचारलं नाही तर ते मॉडेल मेमरीतून काढून टाकतं. तुम्ही प्रस्तावना करता, कागद वाटता, डिफलिब दाखवता, तोवर दहा मिनिटं उलटलेली असतात, मग पहिल्या प्रश्नाला पडदा नुसता थांबून राहतो. कीप अलाइव्ह हे सेटिंग उणे एक केलं की मॉडेल मेमरीतच बसून राहतं.

आणि कुठलाही मार्ग घ्या, चालत्या डेमोची दीड मिनिटाची ध्वनिचित्रफीत लॅपटॉपवर उतरवून ठेवा. डेमो अडला तर दोनदा प्रयत्न करा आणि तिसऱ्यांदा सरळ चित्रफीत लावा. एरर शोधत बसलेल्या वक्त्याकडे पाहणं श्रोत्यांना फार जड जातं.

माहिती वापरताना खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर, हॉटेलच्या पाहुण्यांच्या नोंदी, रुग्णांचे कागद काहीही पडद्यावर आणू नका, आणि क्लाउडवरच्या मॉडेलला तर देऊच नका. बनावट नोंदी करायला पायथनच्या दहा ओळी लागतात.

पडद्यावर मराठी

काळ्या पार्श्वभूमीची थीम लॅपटॉपवर देखणी दिसते, पण दुपारच्या उजेडात, पडदे नसलेल्या सभागृहात त्यातलं काही वाचता येत नाही. पांढरी थीम घ्या. एडिटरचा फाँट निदान २०, स्लाइडवरचा २८. खात्री करायची तर लॅपटॉपपासून सात-आठ पावलं मागे जाऊन वाचून बघा.

देवनागरी टर्मिनलमध्ये दाखवू नका. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात, ब्राउझरमधल्या नोटबुकमध्ये ती नीट उमटतात. मॅटप्लॉटलिबच्या आलेखात गावांची नावं घातलीत तर नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नसल्यामुळे नुसते चौकोन येतील. नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट लावल्यावर चौकोन जातात, पण बऱ्याच आवृत्त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते. अशा वेळी आलेखावर क्रमांक घाला आणि नावांची यादी शेजारी स्लाइडमध्ये लिहा.

सभागृह, पाऊस आणि वीज

तारीख ठरवण्यात तुमचा शब्द असेल तर आधी पंचांग आणि फेस्तांची यादी बघा. चवथीच्या आठवड्यात कुणी येणार नाही. शिगमो, गावची जत्रा, नाताळ यांचंही तेच. रविवारी सकाळी लवकर ठेवलंत तर मिसला जाणारे सुटतात, साडेदहा-अकरा बरं. संध्याकाळचा कार्यक्रम लांबवू नका. काणकोण, सत्तरी, पेडण्याहून आलेल्यांना परतीची बस गाठायची असते, आणि मुलींना तर घरून वेळेचीच अट असते. जागा पणजीत घ्यायची तर पाटोसारखी, कदंबच्या बसस्थानकावरून चालत येण्याजोगी बघा.

जून ते सप्टेंबर वीज जाणार हे धरूनच चाला. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो, प्रोजेक्टर बंद पडतो. सभागृहाच्या इन्व्हर्टरवर बहुतेक वेळा दिवे-पंखेच असतात. दिव्याचा प्रोजेक्टर वीज परत आल्यावरही लगेच पेटत नाही, दिवा थंड होईपर्यंत काही मिनिटं जातात. सहा जोड्यांचा तो कागद अशा वेळी कामी येतो. म्हणून कागदवाटप सुरुवातीलाच उरकू नका. वीज जाण्याची चिन्हं दिसली तर तो भाग मागे-पुढे सरकवा.

पिशवीत हे असू द्या: चार्जर, तीन पिनांचं एक्स्टेन्शन, एचडीएमआयची स्वतःची केबल, लॅपटॉपला ते छिद्र नसेल तर अडॅप्टर, पेन ड्राइव्हवर स्लाइडांची पीडीएफ, आणि पावसाळ्यात लॅपटॉपला गुंडाळायला जाड प्लास्टिकची पिशवी. अर्धा तास आधी पोचा. प्रोजेक्टर जोडून डुप्लिकेट मोड लावा, नोटिफिकेशन बंद करा, लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग करा. जुने प्रोजेक्टर चौकोनी चित्र दाखवतात, तेव्हा स्लाइडच्या कडेला काही महत्त्वाचं ठेवू नका. सभागृहाच्या वाय-फायवर भरवसा नको. मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा आणि त्या खोलीत रेंज येते का हेही आधीच पाहून घ्या.

कुठल्या भाषेत बोलायचं

गोव्यातल्या सभागृहात मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही कानांवर येतात. सुरुवातीलाच विचारा, मराठीत बोललो तर चालेल ना? एखाद-दोघांना जड जाणार असेल तर स्लाइडवरचे शब्द इंग्रजीत ठेवा आणि बोला मराठीत. लूप, फंक्शन, लिस्ट, मॉडेल, टोकन हे शब्द तसेच राहू द्या. व्हेरिएबलला ‘चल’ म्हटलं की ऐकणारा आधी तो शब्द उलगडण्यात अडकतो. मात्र कल्पना समजावताना मराठी सोडू नका. ‘डिक्शनरी म्हणजे दुकानदाराची खातेवही, नाव शोधलं की पान सापडतं’ असं एक वाक्य पाच मिनिटांची व्याख्या वाचवतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न आला की तो आधी माइकवर पुन्हा म्हणा. मागच्या रांगेला ऐकू जातं आणि तुम्हालाही विचार करायला वेळ मिळतो. प्रश्न कोंकणीत आला तर उत्तरही कोंकणीतच द्या, येत असेल तर. माहीत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही’ म्हणा आणि सभागृहात कुणाला ठाऊक आहे का विचारा. असतंच कुणीतरी.

‘एआयमुळे आमच्या नोकऱ्या जाणार का?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि विचारणारा मनापासून विचारत असतो. तो उडवून लावू नका. तुमच्या टॉकमधला तक्ता पुन्हा दाखवा, कुठे मॉडेल चुकलं आणि तिथे गाव ओळखणारा माणूस कसा लागला ते सांगा, आणि उरलेली चर्चा चहाला न्या. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण करणाऱ्याला मात्र एका मिनिटाने आदराने थांबवायचं काम आयोजकांचं. ते त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

फोटो काढण्याआधी विचारायची पद्धत पाळा. कुणाला आपला चेहरा नको असतो, आणि त्याचं कारण विचारायची गरज नाही.

टॉकनंतरच्या दोन दिवसांत

स्लाइड, नोटबुक, रिक्वायरमेंट्स फाइल आणि त्या ५० जोड्या एका ठिकाणी चढवा. दुवा टॉकच्या शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड म्हणून आधीच दिलेला असेल तर उत्तम. वरती एक छोटी सूचनाफाइल: पायथनची आवृत्ती कुठली, कुठली आज्ञा आधी, कुठली नंतर. चढवण्याआधी नोटबुकचे सगळे आउटपुट पुसा आणि टॉकपुरती काढलेली की रद्द करा.

श्रोत्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्याच आठवड्यात घाला. चहाच्या वेळी कुणीतरी नक्की येऊन म्हणेल की आमच्या वाड्याचं नाव तुमच्या यादीत चुकीचं पडलंय, बरोबर रूप असं, आणि आजी तर त्याला आणखी तिसरंच म्हणते. ती तिन्ही नावं तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या, शेजारी तालुका लिहा, आणि एक्कावन्नावी जोडी म्हणून फाइलमध्ये टाका.